थंडीतली बेगमी, वर्तकनगरच्या दोन खोल्यांतून

ऐरोलीला राहणारी माझी लेक डिसेंबरात एकदा फोनवर म्हणाली, "आई, आम्ही दोघंच माणसं, तरी भाजीवर एवढे पैसे कसे जातात गं?" मी विचारलं, या आठवड्यात काय काय आणलंस? तिने यादी वाचून दाखवली. भेंडी, ढोबळी मिरची, फरसबी, तोंडली, गवार. भर थंडीत तिच्या घरात मेथीची जुडी नव्हती, मुळा नव्हता, वाटाणा नव्हता, पावटा नव्हता. मोबाइलवर बाराही महिने जी भाजी दिसते तीच ती मागवत होती. त्या रात्री तिला सांगायला बसले ते फोनवर संपेना, म्हणून हे लिहून काढलं आहे.

मी मूळची दापोलीकडची. लग्न होऊन ठाण्यात वर्तकनगरला आले, म्हाडाच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, आणि अजून तिथेच आहे. हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मशीनवर होते. 1998 साली कंपनीला टाळं लागलं, तीन महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. मुलं तेव्हा पाचवीत आणि दुसरीत. मी डबे करायला घेतले, एका वेळी चौदा डबे जायचे. त्या तीन-चार वर्षांत मला कळलं, की स्वयंपाकघरात पैसा वाचतो तो थंडीत. पावसाळ्यात हात कितीही आखडला तरी काही उरत नाही. शेतात पाणी साचतं, पाला वाटेतच सडतो, आणि मेथीची जुडी हातात घेऊन परत ठेवावी लागते. कार्तिकापासून माघापर्यंत मात्र जे सगळ्यात ताजं तेच सगळ्यात स्वस्त असतं. तेव्हा पोटभर खायचं आणि त्यातलंच थोडं थोडं पुढच्या महिन्यांसाठी बाजूला काढायचं. माझी काटकसर एवढ्यावरच उभी आहे.

बाजारात आधी नुसतं फिरा

मी आठवड्यातून एकदा टीएमटीच्या बसने स्टेशनकडे जाते आणि जांभळी नाक्याचा बाजार करते. मधल्या दिवसांत काही लागलं तर वर्तकनगर नाका आहेच. जांभळी नाक्यावर पोचल्यावर पहिली फेरी रिकाम्या पिशवीने मारायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं की आज कशाचे ढीग जास्त गाड्यांवर आहेत. जी भाजी दहा जणांकडे आहे ती त्या दिवशी घ्यायची. जी दोघांकडेच आहे तिचा भाव विचारायच्याही भानगडीत पडायचं नाही. घरून "आज फ्लॉवर आणायचा" असं ठरवून निघालं की फ्लॉवर महाग असला तरी आणला जातो. म्हणून मी ठरवून फक्त एवढंच निघते, की दोन पालेभाज्या, दोन शेंगा किंवा दाणे, एक कंद आणि एक फळभाजी. नावं बाजारात गेल्यावर ठरतात.

पालेभाजी संध्याकाळी आठनंतर घ्यावी. सकाळची मेथी दुसऱ्या दिवशी विकली जात नाही हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यामुळे दोनच्या भावात तीन जुड्या तो आपणहून देतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पाला मान टाकतो. थंडीत तसं होत नाही, रात्रीपर्यंत जुडी टवटवीत असते, म्हणूनच ही युक्ती थंडीतच चालते. वाटाणा मात्र सकाळचा घ्यावा. शेंग दाबली की दाणा बोटाला लागला पाहिजे आणि साल चकचकीत हिरवी हवी. फुगून पांढुरकी झालेली शेंग जून असते, दाणा पिठूळ लागतो.

कसारा-कर्जतकडून लोकलने आणि येऊरच्या पाड्यांवरून पायी माल घेऊन येणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला वाटे मांडून बसतात. ओली हळद, आवळे, करांद्याचे कंद, रताळी, वालाच्या शेंगा त्यांच्याकडे मिळतात. माझी एक ठरलेली मावशी आहे. ती मला ताई म्हणते, मी तिला मावशी म्हणते, आणि तिच्याशी मी घासाघीस करत नाही. पहाटे तीनला उठून डोक्यावर ओझं वाहून आणलेल्या वाट्यातून पाच रुपये काढणं मला पटत नाही. त्यात काही वाचतही नाही. करांदे मिठाच्या पाण्यात उकडले की आमच्या दोघांची एक वेळची न्याहारी होते, आणि तशी न्याहारी दुकानातल्या कुठल्याच पुड्यात येत नाही.

जुडी संपवण्याचा क्रम

घरात आलेली भाजी कोणत्या क्रमाने खायची हे ज्याला जमलं त्याच्या घरी काही फुकट जात नाही. पहिल्या दोन दिवसांत पालक, मेथी, चाकवत आणि मुळ्याचा पाला. मग वांगी, फ्लॉवर, कांद्याची पात. आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, रताळी आणि कडधान्य. कोबीचा गड्डा थंडीत बाहेर ठेवला तरी आठवडा काढतो. पालक तिसऱ्या दिवशी पिवळा पडतो. तरी पुष्कळ घरांत सोमवारी कोबी होते आणि गुरुवारी पालक टाकून देतात.

मेथी आणली की त्याच रात्री टीव्हीसमोर बसून निवडावी, धुवू नये, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. धुतलेली पाने काळी पडतात. कोवळी देठं टाकू नका, बारीक चिरून थालीपिठात घाला.

मुळ्याचं सांगते, कारण मुळ्याचा पाला दुकानातच तोडून टाकायला सांगणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं. पाल्यासकट मुळा म्हणजे एका पैशात दोन भाज्या. पाला आल्याबरोबर मुळ्यापासून वेगळा करावा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा पोकळ, नरम होतो. पाला बारीक चिरायचा, थोडं मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि हाताने हलका पिळायचा, उग्रपणा कमी होतो. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला पाच-सहा पाकळ्या लसूण आणि एक सुकी मिरची. पाला परतून झाकण ठेवून वाफ आणायची. मग मूठभर बेसन वरून पेरायचं, हलवायचं नाही, पुन्हा झाकण, मंद आच, पाच मिनिटं. नंतर उलथन्याने खालवर करायचं. पिळलेल्या पाल्यात मीठ असतंच, म्हणून वरून घालताना चाखून घाला. राहिलेला मुळा किसून दाण्याचं कूट आणि दही घालून कोशिंबीर, नाहीतर डाळीत फोडी.

फ्लॉवरचा दांडा सोलून आतला पांढरा भाग चिरला की बटाट्यासारखा शिजतो. वाटाण्याच्या कोवळ्या शेंगांची सालंही खाता येतात. साल उलटी मोडून आतला चिवट पापुद्रा ओढून काढला की उरलेली साल गोड असते. हे वेळखाऊ आहे. डबे करत होते तेव्हा दुपारी शेजारच्या दोघी गप्पा मारायला यायच्या, तेव्हा तिघींच्या हातांनी होऊन जायचं. एकटीने करायला बसू नका, कंटाळा येईल.

बाजरी

आम्ही कोकणातले, भातावर वाढलेले. बाजरीची भाकरी मला तळमजल्यावरच्या जुन्नरच्या आजींनी शिकवली. तांदळाचा भाव तेव्हा झेपत नव्हता आणि आजी म्हणाल्या, "थंडीत बाजरी खा, पोटात राहते, दुपारपर्यंत मुलं खायला मागणार नाहीत." तसंच झालं.

बाजरीचं पीठ कधीच साठवू नये. बाजरीत तेलाचा अंश ज्वारी-तांदळापेक्षा जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर तो टिकतो, दळला की हवा लागून कडू व्हायला लागतो. पहिल्या वर्षी मी स्वस्त मिळालं म्हणून पाच किलो पीठ एकदम आणलं आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मं टाकावं लागलं. तेव्हापासून दाणे आणते, निवडते, आणि गिरणीतून एका वेळी एकच किलो दळून आणते. दोन माणसांना ते आठ-दहा दिवस पुरतं. गिरणीवाल्याला सांगायचं, की ज्वारीवर किंवा बाजरीवरच दळा, गव्हावर नको.

भाकरीला पाणी चांगलं कडकडीत हवं, बोट बुडवता येऊ नये इतकं. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ धरून ठेवण्याचं काम गरम पाणीच करतं. एका भाकरीपुरतंच पीठ परातीत घ्यायचं, मध्ये खड्डा करून पाणी ओतायचं, आधी चमच्याने आणि मग तळहाताच्या मुळाने रगडून रगडून मळायचं. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटच्या भाकरीपर्यंत चिरा पडतात. थापताना खाली पीठ, वर बोटं. सुरुवातीला मोठी थापायला जाऊ नका. पुरीपेक्षा थोडी मोठी केली तरी ती भाकरीच असते. पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची. दुसरी बाजू नीट भाजून झाली की तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर. फुगली तर छान, नाही फुगली तरी कच्ची राहू नये एवढंच बघा.

भाकरीबरोबर रोज भाजी लागतेच असं नाही. कांद्याची पात, लसणाची कोवळी पात आणि दाण्याची चटणी घेऊन आमचं कितीतरी वेळा जेवण झालं आहे. तिळाची चटणी मी थंडीत दर पंधरवड्याला करते. पाव किलो तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, त्यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या, तिखट, मीठ, थोडं भाजलेलं सुकं खोबरं, आणि जाडसर कुटायचं. तीळ पॉलिशचे पांढरेशुभ्र आणू नका. सालासकट असलेले मळकट दिसतात, पण चव आणि सत्त्व सालात आहे, आणि ते स्वस्तही पडतात.

रात्री एकच भांडं

रात्री मी चुलीवर एकच भांडं चढवते. गॅसऐवजी चूल म्हणायची सवय अजून जात नाही. कुळथाचं पिठलं, मुगाचं कढण, वरणफळं, मुगाच्या डाळीची खिचडी, टोमॅटोचं सार आणि भात, असं आळीपाळीने.

कुळीथ उष्ण, म्हणून आमच्याकडे थंडी-पावसातच खातात. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून मग दळलेली पिठी माहेरून यायची. आता इथे कोकणी मालाच्या दुकानात मिळते. तिघांसाठी चार मोठे चमचे पिठी तीन वाट्या थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायची. फोडणीत लसूण भरपूर, हिरवी मिरची, कांदा. कालवलेलं पीठ ओतून सतत ढवळायचं, दोन-तीन आमसुलं टाकायची आणि सात-आठ मिनिटं रटरटू द्यायचं. खाली उतरवताना खोबऱ्याचा चव असला तर असला. ऊन ऊन भातावर घ्यायचं. भाजीला पैसे नाहीत म्हणून केलेलं जेवण आहे असं कुणी म्हणणार नाही, आणि माझ्या डब्यांच्या गिऱ्हाइकांत तर गुरुवारचं पिठलं आधी सांगून ठेवणारे होते.

मासे खाणाऱ्या घरात थंडीत सुकटाची आठवण ठेवावी. पावसाळ्यानंतरचा नवा जवळा आणि सुके बोंबील बाजारात आलेले असतात. मूठभर जवळा कोरडाच भाजून, धुऊन, वांग्यात टाकला की चार माणसांचं कालवण होतं.

गॅस वाचवायची माझी रीत जुनी आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, आणि नवा लावला की मी कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलीने गोल करते. ते गोल बघूनच कळतं कोणत्या महिन्यात आपण जास्त जाळला. डाळ शिजवण्याआधी तासभर आणि कडधान्य रात्रभर भिजलेलं हवंच. कुकरची शिटी होईपर्यंत मोठी आच, मग बारीक. शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवला की नुसती वाफ बाहेर जाते, आतलं काही लवकर शिजत नाही. कुकर चढवला की तिन्ही डबे भरलेले पाहिजेत, वरण, भात आणि तिसऱ्यात बटाटे, रताळी किंवा गाजराच्या फोडी.

पैशांची फारच ओढाताण होती तेव्हा मी खिचडी गोधडीत शिजवायची. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण. फोडणी करून भिजवलेले डाळ-तांदूळ आणि गरम पाणी घालायचं, पाच-सात मिनिटं खळखळून उकळू द्यायचं, गॅस बंद. पातेलं आधी टॉवेलमध्ये, मग जुन्या गोधडीत सगळीकडून घट्ट गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचं. तासाभराने खिचडी मऊ शिजलेली असते. शिजली की लगेच वाढून घ्यावी, रात्रभर तशीच कोमट ठेवू नये, बिघडते. आणि राजमा या पद्धतीने कधीही करू नका. राजमा चांगला उकळून शिजला नाही तर पोटाला बाधतो. त्याला कुकरच.

पंखा, गिझर, दही

ठाण्यात पारा पंधरा-सोळावर आला की सगळ्यांचे गिझर सुरू होतात आणि बिल वाढेल म्हणून धास्ती वाटते. एकदा आमच्या ह्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला तो मला फार आवडतो. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. पंच्याहत्तर वॉटचा पंखा रात्री आठ तास चालला तर 0.6 युनिट. म्हणजे थंडीत एक पंखा बंद झाला की एका माणसाची आंघोळ त्यातच निघाली. त्यापेक्षा जास्त गरम पाणी वापरलं तरच बिल वाढतं. म्हणून गिझर बादली भरण्यापुरता लावायचा, सकाळभर चालू ठेवायचा नाही, आणि सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या. फ्रिजचा काटाही या दिवसांत एक-दोन आकड्यांनी खाली आणते.

दही लागत नाही ही थंडीतली दरवर्षीची तक्रार. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त कोमट ठेवा, विरजण एकाऐवजी दोन चमचे, आणि भांडं नुकत्या उतरवलेल्या रिकाम्या कुकरमध्ये झाकून ठेवा. सकाळी कवडी पडलेली असते. इडलीचं पीठही तिथेच. बाहेरून दही आणायची सवय लागली की तो महिन्याचा खर्च होऊन बसतो.

भोगी

भोगीची भाजी म्हणजे या ऋतूत जे जे पिकतं ते एका कढईत. वांगी, गाजर, पावटा, वाटाणा, सोलाणे, बटाटा, दाणे, बोरं, वर तीळकूट. एकेका घराने प्रत्येक जिन्नस पाव-पाव किलो घेतला तर दोन माणसांना ती भाजी तीन दिवस संपत नाही आणि पैसेही फार जातात. भोगीच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावर सगळं मिसळलेले वाटे मिळतात, पण त्यात काय जून आहे ते दिसत नाही. आम्ही मजल्यावरच्या पाच जणी मिळून घेतो. प्रत्येकी एकच जिन्नस किलोभर आणते आणि माझ्या परातीत त्याचे पाच भाग होतात. पावट्याच्या शेंगा सोलताना निम्मी दुपार जाते आणि त्यात वर्षभराच्या बातम्याही होतात. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी आणि घरचं लोणी. लोणी थंडीत लवकर वर येत नाही, ताकाला गरम पाण्याचा हबका मारायची तयारी ठेवा.

तिळगुळाचं थोडक्यात. चिकीचा गूळ महाग असतो. साध्या गुळाची मऊ वडी करा, तीळ आणि दाण्याचं कूट सारखं घेऊन. कुणाचे दात दुखत नाहीत आणि हळदीकुंकवालाही पुरते.

बरणीत काय ठेवायचं

आता बेगमी. आमची गॅलरी दक्षिणेकडे आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ऊन गॅलरी ओलांडून पार खोलीत येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर असतो आणि गॅलरीत सावली. हवाही कोरडी असते, म्हणून वाळवणाला गच्चीत जावं लागत नाही. तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. उत्तरेची असेल तर दक्षिणेकडच्या शेजारणीशी गोड राहा.

मेथी. जानेवारीत सगळ्यात स्वस्त होते तेव्हा आठ-दहा जुड्या एकदम घ्यायच्या. या एका वेळी पानं धुवायची, पण फडक्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी करायची. मग घरातच, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी सुती कापडावर तीन-चार दिवस. मी पहिल्यांदा कडक उन्हात घातली होती, गवतासारखी पिवळी झाली आणि वासही उडाला. चुरगळली की कुरकुरीत मोडली पाहिजे. मगच काचेच्या बरणीत भरून अंधाऱ्या फडताळात. दहा जुड्यांची एक बरणीसुद्धा भरत नाही म्हणून हिरमुसू नका, एका भाजीला मूठभरच लागते.

वाटाणा. एक किलो शेंगांतून साधारण अर्धा किलो दाणे निघतात, म्हणून भाव विचारताना तो मनात दुप्पट करून बघा. जानेवारी संपताना मी पाच किलो शेंगा घेते. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच निथळून गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडे. पाव-पाव किलोच्या पिशव्या करून, हवा काढून, फ्रीझरमध्ये. एका मोठ्या पिशवीत भरले की गोळा होतो आणि दर वेळी सगळं वितळवावं लागतं. आमचा जुना एका दाराचा फ्रिज आहे, त्यात दोन-अडीच महिने छान राहतात.

लिंबं. हे मी सगळ्यांना सांगते, कारण एप्रिल-मेमध्ये एकेका लिंबाला जो भाव द्यावा लागतो तो बघून जीव हळहळतो. थंडीत पातळ सालीची, पिवळी, डाग नसलेली एक किलो लिंबं घ्यायची. धुऊन एकदम कोरडी पुसायची, पाण्याचा थेंब नको. चार-चार फोडी, त्यात 200 ते 250 ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद, काचेच्या बरणीत. धातूचं झाकण नको, गंजतं. रोज बरणी हलवायची, जमेल तसं ऊन दाखवायचं. तीन-चार आठवड्यांत साल मऊ पडते. अर्ध्या बरणीत तिखट आणि गूळ घालून लोणचं, अर्धी तशीच ठेवायची. उन्हाळ्यात त्यातली एक फोड पाण्यात चुरडली की सरबत होतं, तापातून उठलेल्या माणसाला भाताच्या पेजेबरोबर देता येते.

आवळा. किसायचा, आल्याचा रस, सैंधव आणि जिरेपूड लावायची, ताटात पसरून तीन-चार दिवस ऊन द्यायचं. आवळासुपारी झाली. आमच्याकडे ती जेवणानंतर, आणि नातवाला चॉकलेट मागितलं की.

टोमॅटोचा भाव पडतो तेव्हा दोन किलो चिरून, पाणी न घालता आटवून, गार झाल्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे. एका आमटीला दोन वड्या. ओली हळद आणि आलं चकत्या करून लिंबाच्या रसात मिठासह ठेवली की फ्रिजमध्ये महिनाभर तोंडी लावायला होते.

हे सगळं एका दिवशी करायला घेऊ नका. एका आठवड्याला एकच जिन्नस. लेकीला मी सांगितलं, या वर्षी फक्त मेथी आणि लिंबं कर, बाकीचं पुढच्या थंडीत. तिने दोन्ही केलं आणि जावईबापूंनी पानं निवडली.

शेवटी मेथी वापरायची कशी ते, कारण बरणी भरून ठेवणारे पुष्कळ, पण ती आषाढात आठवत नाही. मूठभर सुकी मेथी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, तोपर्यंत अर्धी वाटी मुगाची डाळ भिजलेली असावी. तेलात लसूण आणि सुकी मिरची, त्यावर डाळ, थोडं पाणी, झाकण. डाळ बोटाने दाबली जाईल इतकी झाली की पिळलेली मेथी आणि चिमूटभर गूळ. ज्या पाण्यात मेथी भिजवली ते ओतू नका, भाकरीच्या पिठात घाला.